मॅरेथॉनमधला डोंगर

दर नोव्हेंबरात ग्रीसच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या मॅराथोनास, म्हणजेच मॅरेथॉन, या छोट्या गावातून हजारो माणसं अथेन्सच्या दिशेने धावत निघतात. पहिले दहा किलोमीटर रस्ता जवळपास सपाट असतो. इसवी सनापूर्वी 490 मध्ये इथे पर्शियनांशी झालेल्या लढाईत पडलेल्या 192 अथेन्सकरांच्या थडग्याचं मातीचं टेकाड वाटेत लागतं आणि त्याला वळसा घालून धावणारे पुढे सरकतात. त्यानंतर चढ सुरू होतो. मध्ये कुठे कुठे तो श्वास घेऊ देतो, पण एकतिसाव्या किलोमीटरपर्यंत पाठ सोडत नाही. उजव्या हाताला पेंटेलीचा डोंगर, डाव्या हाताला हायमेट्टसचा, आणि दोहोंच्या मधल्या खिंडीत रस्ता समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास पोचतो. तिथून शेवटचे अकरा किलोमीटर उतार, थेट संगमरवरी पॅनाथेनाइक स्टेडियमच्या दारापर्यंत.

आज मॅरेथॉन म्हटलं की महानगरातले रुंद, सपाट रस्ते आणि सेकंदासेकंदाचा हिशेब डोळ्यांपुढे येतो. डोंगरातल्या घाटरस्त्यावरची मॅरेथॉन म्हणजे मूळ शर्यतीला कुणीतरी मुद्दाम जोडलेली अवघड पुरवणी, असाच बहुतेकांचा समज असतो. वंशावळ तपासली की उलटंच दिसतं. चढ पहिल्यापासून होता. सपाटी नंतर आली.

सगळ्यात जुना धागा हेरोडोटसकडे आहे. लढाईनंतर जेमतेम दोन पिढ्यांनी त्याने आपला इतिहास लिहिला. त्यात फिलिप्पिडीस नावाचा हरकारा येतो. काही हस्तलिखितांत त्याचं नाव फिडिप्पिडीस असंही आहे. दिवसभर धावत निरोप पोचवणं हाच त्याचा पेशा. पण हेरोडोटसचा हा हरकारा मॅरेथॉनहून अथेन्सला धावतच नाही. तो लढाईच्या आधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथे पोचतो. आजच्या रस्त्याने हे अंतर 246 किलोमीटर भरतं. स्पार्टाचे लोक मदतीला तयार होते, पण पौर्णिमेच्या आधी निघायचं नाही हा त्यांचा नियम होता. फिलिप्पिडीसला घाई, त्यांना तिथीचं बंधन.

या धावेत एक डोंगर आहे. तेगिया गावाच्या वर पार्थेनिऑन नावाचा पर्वत आहे. तिथे पॅन देव भेटल्याचं फिलिप्पिडीसने परत आल्यावर सांगितलं. बकऱ्याच्या पायांचा, गुराख्यांचा हा देव. त्याने हरकाऱ्याला नावाने हाक मारली आणि विचारलं, मी अथेन्सकरांचं एवढं भलं करतो, पुढेही करीन, मग ते मला का विसरले? आपल्याकडे घाटमाथ्यावर ठाण मांडून बसलेले म्हसोबा आणि वाघोबा वाटसरूकडे आपला मान मागतात, त्यातलाच हा प्रकार. अथेन्सकरांनी तो मनावर घेतला. लढाई जिंकल्यावर ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी पॅनचं ठाणं झालं, दरवर्षी बळी देण्याची प्रथा पडली आणि देवाच्या नावाने मशाली घेऊन धावण्याची शर्यतही सुरू झाली. मला ही नोंद फार मोलाची वाटते. डोंगरात धावलेल्या एका माणसाच्या अनुभवाची आठवण लोकांनी जपली ती धावूनच, आणि तीही आधुनिक ऑलिंपिकच्या जवळजवळ चोवीसशे वर्षं आधी.

मॅरेथॉन आणि शरद ऋतू यांच्या नात्याचा धागाही इथूनच निघतो. पौर्णिमेच्या उल्लेखावरून एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट बोएक या जर्मन पंडिताने चांद्रमासांचं गणित मांडलं आणि लढाईची तारीख 12 सप्टेंबर अशी काढली. पुढे काही खगोलशास्त्रज्ञांनी ती महिनाभर मागे, ऑगस्टात नेली. वाद मिटलेला नाही. तरी बोएकच्या तारखेने फिलिप्पिडीसची धाव उन्हाळा सरतानाच्या दिवसांत येते, जेव्हा ग्रीसच्या डोंगरांत रात्री गार पडायला लागतात.

मग मॅरेथॉनहून धावत येऊन विजयाची बातमी सांगून कोसळणारा सैनिक कुठून आला? तो बऱ्याच उशिरा आला. पहिल्या शतकाच्या सुमारास प्लूटार्कने ही गोष्ट सांगितली, पण त्याच्याकडे धावणाऱ्याची दोन नावं आहेत: कुणी थेर्सिप्पस म्हणतो, बहुतेक जण यूक्लीस म्हणतात. दुसऱ्या शतकात लुसियनने ही धाव फिलिप्पिडीसच्या नावावर केली. 1879 मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने आपल्या कवितेत स्पार्टाची धाव, पॅनची भेट आणि अथेन्सच्या वाटेवरचा मृत्यू एकाच माणसाच्या वाट्याला दिले. त्या कवितेने युरोपभर ही गोष्ट रुजवली. इतिहास म्हणून ती टिकत नाही. लढाईनंतर अथेन्सचं अख्खं सैन्यच घाईने शहराकडे परतलं, कारण पर्शियन आरमार समुद्रमार्गे तिकडे निघालं होतं. दमलेल्या सैनिकांची ती चाल एकट्या धावणाऱ्याच्या गोष्टीइतकीच थरारक आहे, पण गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली ती एकट्याचीच.

या गोष्टीची शर्यत केली ती एका भाषाशास्त्रज्ञाने. मिशेल ब्रेआल हा पॅरिसमधला विद्वान, ऑलिंपिकचा ध्यास घेतलेल्या पिएर द कूबेर्तँचा मित्र. 1894 मध्ये ऑलिंपिक पुन्हा सुरू करण्याचं ठरलं, तेव्हा मॅरेथॉन ते अथेन्स अशी धाव ठेवावी असं त्याने सुचवलं आणि विजेत्यासाठी स्वतः चांदीचा चषक देऊ केला. ग्रीक लोकांनी ही कल्पना उचलून धरली. शर्यत कुठल्या रस्त्याने घ्यायची, हे मात्र ठरवावं लागलं.

मॅरेथॉनहून अथेन्सला यायच्या वाटा दोन आहेत. एक उत्तरेची, पेंटेलीच्या अंगावरून थेट चढणारी. ती अंतराने पाच-सहा किलोमीटर कमी, पण उभी आणि खडकाळ. दुसरी दक्षिणेची, डोंगराला बगल देत पिकेर्मी आणि पालिनीवरून जाणारी, चाळीसेक किलोमीटरची. निकडीचा निरोप घेऊन निघालेला माणूस जवळची डोंगरवाट धरेल, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि मलाही ते पटतं. 1896 साली निवडली गेली ती दक्षिणेची. गाड्या जातील, घोडे जातील, लोक कडेला उभे राहतील असा तो रस्ता होता. म्हणजे आज अथेन्सचा जो चढ पाहून धावणारे धास्तावतात, तोही मूळ डोंगर टाळून मिळालेला चढ आहे. सपाटीकडचं पहिलं पाऊल शर्यत जन्मण्याआधीच पडलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

तरीही 10 एप्रिल 1896 ची ती पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन चढानेच ठरवली. दुपारी दोन वाजता सतरा जण मॅरेथॉनच्या पुलाजवळून निघाले. तेरा ग्रीक आणि चार परदेशी. फ्रान्सचा आल्बँ लेर्मुझिओ, ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक आणि अमेरिकेचा आर्थर ब्लेक हे तिघे 1500 मीटरच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आलेले. त्या तिघांत फ्लॅक पहिला, आणि त्याने 800 मीटरही जिंकले होते. चौथा हंगेरीचा ग्युला केल्नर. लांब पल्ल्याची सवय या चौघांत त्याला एकट्यालाच होती.

लेर्मुझिओ सपाटीवर सुसाट सुटला. कारवाती गावात, म्हणजे आजच्या पालिनीत, गावकऱ्यांनी तोच जिंकणार असं धरून त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढवला. ब्लेक त्याआधीच गळाला होता. मुकुट मिळाल्यावर लेर्मुझिओसमोर खरा चढ आला, त्याची चाल तुटली आणि 32 किलोमीटरच्या सुमारास तो थांबला. पुढे झाला फ्लॅक. एका सायकलस्वाराने स्टेडियममध्ये बातमी पोचवली की ऑस्ट्रेलियाचा माणूस आघाडीवर आहे, आणि प्रचंड गर्दी खट्टू झाली. मागून स्पिरिडॉन लुई येत होता. अथेन्सजवळच्या मारूसी गावातून शहरात पाणी पोचवणारा हा तरुण. ग्रीसने ऑलिंपिकआधी घेतलेल्या निवडीच्या शर्यतीत तो पाचवा आला होता, त्यामुळे त्याच्यावर कुणाचीच भिस्त नव्हती. पिकेर्मीत त्याने पेलाभर वाइन घेतली आणि पुढच्या सगळ्यांना गाठतो असं म्हणाला, अशी आख्यायिका आहे. त्याने घाई केली नाही, हे मात्र निकालावरून दिसतं. चढ सरता सरता त्याने फ्लॅकला गाठलं. उतारावर फ्लॅकचे पाय गेले आणि तो कोसळला.

शर्यत सुरू करून देणारा मेजर पापादिआमांटोपूलोस घोड्यावरून पुढे आला आणि ग्रीक माणूस आघाडीवर असल्याची बातमी राजाला दिली. आता निरोप घोड्यावरून आणि सायकलवरून पोचत होते. धावणारा स्वतःच बातमी झाला होता. लुई 2 तास 58 मिनिटं 50 सेकंदांत आला, शेवटच्या टप्प्यात राजपुत्र त्याच्याबरोबर धावले. दुसरा खारिलाओस वासिलाकोस सात मिनिटांहून अधिक मागे. तिसरा स्पिरिडॉन बेलोकास वाटेत काही अंतर गाडीत बसून आल्याचं उघड झालं आणि त्याचा क्रमांक केल्नरला मिळाला. मध्यम पल्ल्याच्या तिन्ही नामवंतांपैकी एकही शेवटापर्यंत पोचला नाही. अंतर त्यांना नवं होतं, पण त्यांचा बळी घेतला तो अंतराच्या उत्तरार्धात वाट पाहत बसलेल्या चढाने, असंच मी ही शर्यत वाचतो.

शरीराच्या अंगाने पाहिलं तर यात गूढ काही नाही. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. अथेन्सच्या रस्त्याचा माथा नेमका तिथेच आहे. चढावर वाढीव खर्च करून माणूस माथ्यावर पोचतो तो रिकाम्या हाताने. पुढे उतार दिसतो, पण उतार घेतलेलं सगळं परत देत नाही. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू दर पावलाला ताणले जात असताना शरीराचा भार रोखून धरतात. असं ताणत रोखणं स्नायूंच्या तंतूंना सर्वांत जास्त इजा करतं. घाट उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, ते यामुळेच. म्हणून अथेन्समध्ये अनुभवी माणूस पहिले दहा किलोमीटर हात आखडून धावतो. लेर्मुझिओने ते केलं नाही.

या शर्यतीची एक लेक अमेरिकेत गेली. बोस्टन ॲथलेटिक असोसिएशनची माणसं 1896 मध्ये अथेन्सला होती. त्यांनी परत जाऊन अथेन्ससारखा चढउताराचा रस्ता शोधला आणि 19 एप्रिल 1897 रोजी ॲशलंडहून बोस्टनपर्यंत पहिली शर्यत घेतली. न्यूटन गावातल्या टेकड्या तिथे पंचविसाव्या किलोमीटरनंतरच येतात. शेवटची ‘हार्टब्रेक हिल’ म्हणून प्रसिद्ध आहे. दुसरी लेक शरदातली. न्यूयॉर्कच्या उत्तरेला यॉन्कर्स येथे 1907 च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, टेकड्यांच्या रस्त्यावर मॅरेथॉन झाली. ती जॉनी हेज या तरुणाने जिंकली. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या मॅरेथॉनचं सुवर्णपदकही त्यालाच मिळालं. उन्हाळ्यात ऑलिंपिकच्या मॅरेथॉन काय करत होत्या हे पाहिलं की शरदाचं महत्त्व कळतं. 1904 च्या ऑगस्टात सेंट लुईसच्या धुळीच्या, टेकड्यांच्या रस्त्यावर 32 पैकी फक्त 14 जण पोचले. 1912 च्या जुलैत स्टॉकहोमच्या उन्हात पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. चढ माणसाला दमवतो, पण ऊन जीव घेतं, हे या दोन शर्यतींनी दाखवून दिलं.

आपल्या बाजूचा एक धागा इथेच जोडला जातो. 1919 च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या, अध्यक्ष दोराबजी टाटा. धावणारे बहुतेक शेतकरी, अनवाणी, शास्त्रशुद्ध तालमीचा स्पर्श नसलेले. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपास जात होत्या, हे दोराबजींच्या लक्षात आलं. त्यांच्या पुढाकाराने आणि पैशाने 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. मॅरेथॉनला बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार उतरले. चौगुले 2 तास 50 मिनिटांच्या आसपास वेळ देत एकोणिसावे आले. त्या वेळचं अंतर आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच, 42.75 होतं. या माणसाचं नाव महाराष्ट्रातल्या किती धावपटूंना माहीत आहे? बेळगाव-पुण्याच्या मॅरेथॉनचा तो आद्य पुरुष आहे आणि त्याच्याविषयी आपण इतकं कमी बोलावं, याचं मला मनापासून दुःख होतं.

आता सपाटीची कहाणी. ती थोडक्यात सांगता येते, कारण तिचे टप्पे नियमांचे आहेत. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत मोजलेले 42.195 किलोमीटर 1921 मध्ये अधिकृत अंतर ठरलं. अंतर एक झालं की वेळांची तुलना आली, तुलना आली की विक्रम आला, आणि विक्रमाला सपाट रस्ता लागतो. पुढे नियम झाला की सुरुवात आणि शेवट यांत दर किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार नको, आणि दोन्ही टोकांमधलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. या दुसऱ्या अटीमुळे मॅरेथॉनच्या मूळ रस्त्यावर मॅरेथॉनचा जागतिक विक्रम होऊच शकत नाही. बोस्टनवर 2011 मध्ये जेफ्री मुटाईने 2 तास 3 मिनिटं 2 सेकंद ही तोवरची सर्वांत वेगवान वेळ दिली, तीही विक्रम म्हणून धरली गेली नाही. शरद मात्र सपाटीवाल्यांनी उचलला. बर्लिनची मॅरेथॉन 1974 च्या ऑक्टोबरात ग्रुनेवाल्डच्या जंगलाकडेला सुरू झाली, 1981 मध्ये शहरात आली आणि विक्रमांची पेठ बनली. सप्टेंबर 2022 मध्ये एलियुड किपचोगेने तिथेच 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांचा विक्रम केला. गार हवा, सपाट डांबर. नियम रास्त आहेत, तुलना करायची तर मोजपट्टी एकच हवी हेही मान्य. पण मोजपट्टीत न बसणारं सगळं दुय्यम, ही जी भावना त्यातून पसरली, ती मला मान्य नाही.

अथेन्सचा रस्ता स्वतः काय करतो ते पाहावं. 1969 मध्ये बिल ॲडकॉक्स या इंग्रजाने तिथे 2 तास 11 मिनिटं 7 सेकंद वेळ दिली. जगभर मॅरेथॉनच्या वेळा झपाट्याने खाली येत होत्या, पण या रस्त्यावर त्याची वेळ पस्तीस वर्षं कुणाला मोडता आली नाही. 2004 च्या ऑलिंपिकमध्ये इटलीच्या स्टेफानो बाल्डिनीने ती मोडली, 2 तास 10 मिनिटं 55 सेकंद. म्हणजे पस्तीस वर्षांत बारा सेकंदांचा फरक. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांची जागतिक विक्रमवीर पॉला रॅडक्लिफ ऑगस्टच्या उकाड्यात चढ संपल्यावर छत्तिसाव्या किलोमीटरजवळ थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. जपानची मिझुकी नोगुची जिंकली. या रस्त्याने फक्त खेळाडूच पाहिले असंही नाही. 21 एप्रिल 1963 रोजी मॅरेथॉन ते अथेन्स शांतता मोर्चा निघायचा होता, पोलिसांनी त्यावर बंदी घातली आणि शेकडो लोकांना पकडलं. ग्रिगोरिस लांब्राकिस हा डॉक्टर, एके काळचा लांब उडीचा विजेता, खासदार असल्याने त्याला अडवता येत नव्हतं. तो शांततेचा फलक धरून एकटा चालला. पुढच्याच महिन्यात थेसालोनिकीत त्याच्यावर हल्ला झाला आणि त्यात तो गेला. आजची अथेन्स मॅरेथॉन त्याच्या स्मृतीला वाहिलेली आहे. सैनिकाच्या दंतकथेपेक्षा ही एकट्याची वाटचाल मला त्या चढाची खरी गोष्ट वाटते.

आणि पॅनचा डोंगर? तोही परत आला. ब्रिटिश हवाई दलातला अधिकारी जॉन फोडन हेरोडोटस वाचत होता. अथेन्सहून दुसऱ्या दिवशी स्पार्टाला पोचणं माणसाला शक्य आहे का, हा प्रश्न त्याने पायांनी सोडवायचा ठरवला. ऑक्टोबर 1982 मध्ये तो आणि त्याचे सहकारी निघाले. तिघे जण चाळीस तासांच्या आत पोचले. पुढच्या वर्षी स्पार्टाथलॉन ही शर्यत सुरू झाली. ती दर वर्षी सप्टेंबरअखेरीस होते, कारण आयोजकांना हेरोडोटसचा काळ जवळ ठेवायचा आहे. पहिली शर्यत यानिस कूरोस या ग्रीकाने बावीस तासांच्या आत जिंकली. साधारण 160 किलोमीटर धावून झाल्यावर, बहुतेकांच्या बाबतीत रात्रीच, पार्थेनिऑनची खडी पायवाट येते. 1993 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊ मॅरेथॉन सुरू झाली, तीही सप्टेंबरची. इंटरलाकेनच्या तळ्याकाठच्या सपाटीवरून निघून धावणारे अठराशे मीटर चढतात. चढ बाजूला न सारता त्यालाच शर्यतीचं कारण मानणारी ही पिढी आहे.

महाराष्ट्रात या पिढीचा पत्ता सातारा. 2012 पासून तिथे पावसाळा सरत असताना हिल मॅरेथॉन होते. अंतर अर्धं, एकवीस किलोमीटरचं. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढत रस्ता कासच्या पठाराच्या दिशेने जातो आणि त्याच वाटेने उतरून शहरात परत येतो. त्या दिवसांत घाटात धुकं असतं, कातळावरून पाणी वाहत असतं, रस्ता ओला असतो. जाताना चढ, येताना उतार. मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ उशिरा येतो आणि लोक वर्षभर त्याची धास्ती बोलून दाखवतात. साताऱ्यात तो धावणाऱ्याला लवकरच गाठतो आणि निम्मं अंतर सोबत करतो. अंतर निम्मं असूनही बर्लिनपेक्षा साताऱ्याचा हा रस्ता मी मॅराथोनासच्या जास्त जवळचा मानतो. यवतेश्वरच्या माथ्यावर पोचलेल्या माणसापुढे फ्लॅकपुढे होता तोच प्रश्न असतो: राहिलेला उतार पेलतील एवढं बळ मांड्यांत उरलं आहे का?